विचारपूस आणि तपास : फौजदारी न्यायक्षेत्रातील समाजकार्य-शिक्षणाचा भाषिक विचार

फौजदारी न्यायालयापुढे उभ्या असलेल्या मनुष्याविषयी न्यायाधीशाच्या हाती दोन जातींचे कागद येतात. एक पोलिसांचे, दुसरे परिवीक्षा अधिकाऱ्याचे किंवा त्याच्या जागी काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याचे. पहिल्या जातीच्या कागदांविषयी कायद्याने प्रारंभापासून संशय बाळगलेला आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या २५ व्या कलमातील नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम राहिला आहे. दुसऱ्या जातीच्या कागदांकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. समाजकार्यकर्ता हा आरोपीच्या हिताचा मानला जातो; त्याने लिहिलेले सहानुभूतीने लिहिलेले असणार असे गृहीत धरले जाते, आणि सहानुभूतीने लिहिलेले ते यथार्थही असणार, असे आणखी एक गृहीत त्यामागोमाग न सांगता येऊन बसते. समाजकार्याच्या शिक्षणात या दुसऱ्या गृहीताची परीक्षा कोठेही घेतली जात नाही. विद्यार्थ्याला मुलाखत कशी घ्यावी हे शिकविले जाते, अहवालात कोणते मुद्दे यावेत हेही शिकविले जाते. परंतु मुलाखतीतील वाक्य अहवालातील वाक्य होताना त्याचे काय होते, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला जात नाही.

हा प्रश्न गौण नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या ६ व्या कलमान्वये, जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधाबद्दल दोषी ठरलेल्या एकवीस वर्षांखालील व्यक्तीस कारावास द्यावयाचा की नाही हे ठरविण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावयाचा असतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात तर मुलाला प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सामाजिक तपास अहवाल सादर व्हावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे एखाद्या तरुणाने घरी जावे की कोठडीत राहावे, हे अंशतः काही परिच्छेदांच्या गद्यावर अवलंबून असते. हे गद्य लिहिण्याचे शिक्षण कोण देतो?

या शिक्षणाचा आपल्याकडील इतिहास मुंबईपासून सुरू होतो. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले. नागपाड्यात वस्तीकार्य केलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४४ साली याच संस्थेला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर, १९५१-५२ साली, संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ म्हणून वॉल्टर रेकलेस हे अमेरिकन अपराधशास्त्रज्ञ भारतात येऊन गेले, आणि तुरुंग-प्रशासनाचे शिक्षण हा स्वतंत्र विषय म्हणून चर्चेस आला. पुढे १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली; विदर्भात व अन्यत्र महाविद्यालये झाली, आणि त्यांतील कित्येक विद्यार्थी आज उत्तरपत्रिका मराठीतच लिहितात. टाटा संस्थेचा १९९० सालचा ‘प्रयास’ हा क्षेत्रकार्य-प्रकल्प तर विद्यार्थ्यांना पोलीस ठाणे, तुरुंग व न्यायालय यांच्या प्रत्यक्ष व्यवहारापर्यंत घेऊन गेला. या सर्व प्रयत्नांचे मोल मोठे आहे व त्याबद्दल वाद नाही. परंतु या परंपरेची पाठ्यपुस्तके, तत्त्वे आणि परिभाषा इंग्रजीतून आली, आणि कामाचा मनुष्य मराठी, हिंदी, भोजपुरी, गोरमाटी किंवा पारधी बोलणारा राहिला. मधले अंतर विद्यार्थ्याने आपल्या अंगच्या हुशारीने पार करावे, अशीच जणू व्यवस्था आहे.

मूळ ग्रंथांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. मेरी रिचमंड यांचा १९१७ सालचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा या विद्येचा आद्य पाठ्यग्रंथ; त्याचा प्रारंभीचा भाग पुराव्याच्या चर्चेने व्यापला आहे. प्रत्यक्ष पुरावा, साक्षीचा पुरावा, परिस्थितीजन्य पुरावा असे भेद रिचमंड यांनी विधिशास्त्रातून घेतले. ऐकीव माहितीचे काय करावे, साक्ष देणाऱ्याची पात्रता कशी पाहावी, यांचा त्यांनी विचार केला. पुढील दशकांत ही विद्या मनोविश्लेषणाकडे वळली आणि पुराव्याचे प्रकरण मागे पडले. आपल्याकडे ती आली ती या वळणानंतर. त्यामुळे मनुष्याच्या भावना कशा ओळखाव्यात याचे शिक्षण आले. ‘हे तुम्हांला कोणी सांगितले?’ हा जुना, रूक्ष, परंतु न्यायालयात अत्यंत आवश्यक असा प्रश्न आला नाही.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली व्यक्तिसहाय-कार्याची सात तत्त्वे मांडली; स्वीकार, दोषारोप न करणारी वृत्ती, आत्मनिर्णय, गोपनीयता इत्यादी. भारतातील समाजकार्याचे विद्यार्थी ती आजही पाठ करतात. ही तत्त्वे ज्या भाषेत घडली त्या भाषेत समोरच्या मनुष्यासाठी सर्वनाम एकच. मराठीत तोंड उघडताच ‘तू’ की ‘तुम्ही’ हा निर्णय घ्यावा लागतो. तो टाळण्याची सोयच नाही. तुरुंगातील तीस वर्षांच्या कच्च्या कैद्याला ‘तू’ म्हणावे तर शिपायाच्या पंगतीला बसणे होते. ‘तुम्ही’ म्हणावे तर तो प्रथम चपापतो, कारण त्या इमारतीत त्याला तसे कोणी म्हणत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला ‘तू’ म्हणण्यात माया असू शकते आणि हुकूमही असू शकतो, आणि त्यांतील फरक स्वरावर, बसण्याच्या जागेवर, शेजारी उभ्या असलेल्या हवालदारावर अवलंबून असतो. ‘स्वीकार’ या तत्त्वाचा पहिला प्रत्यय मराठी माणसाला सर्वनामातून येतो. या विषयावर मराठी वर्गात एक तासही खर्च होत नसेल तर ‘स्वीकार’ हा शब्द परीक्षेपुरताच उरतो.

परिभाषेचा प्रश्नही केवळ कोशकारांचा नाही. लॅटिनमध्ये ‘प्रोबेशन’च्या मुळाशी कसोटी लावणे, पारखणे हा अर्थ आहे, संस्कृतात त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘परीक्षा’ हाच होता. तो शाळेने आधीच घेतलेला असल्यामुळे ‘परि’ व ‘ईक्षा’ यांच्यामध्ये ‘वि’ घालून ‘परिवीक्षा’ सिद्ध करण्यात आला. (कार्यालयांच्या पाट्यांवर तो बहुधा ‘परिविक्षा’ असा ऱ्हस्व लिहिलेला असतो; मात्र त्यामुळे कोणाचे नुकसान झालेले नाही.) या लहानशा घडामोडीत अर्थ मात्र सरकला. पारख करणे मागे पडले. सर्व बाजूंनी न्याहाळणे पुढे आले. इंग्लंडच्या १९०७ च्या कायद्याने परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना सल्ला आणि साहाय्य यांच्या जोडीला मैत्री करणे हेही क्रियापद घातले होते, आणि योग्य रोजगार मिळवून देण्याचा यत्न करावा असेही म्हटले होते. आपल्या १९५८ च्या अधिनियमाच्या १४ व्या कलमात देखरेख आहे, रोजगाराचा यत्न आहे, सल्ला व साहाय्य आहे. मैत्रीचे क्रियापद गळाले आहे. खुद्द इंग्लंडनेही १९९० च्या दशकात परिवीक्षा अधिकाऱ्याचे शिक्षण समाजकार्याच्या शिक्षणापासून तोडले. शब्द आधी जातो की वृत्ती, हे सांगणे कठीण. एवढे मात्र खरे की ज्या विद्यार्थ्याला आपल्या पदनामाचा हा प्रवास ठाऊक नाही, त्याला आपण मदतीला आलो आहोत की पाळतीवर, हा प्रश्न तीव्रतेने पडत नाही.

मराठीत या कामासाठी निदान तीन शब्द आहेत आणि तिघांची घरे वेगळी आहेत. आजाऱ्याची, दूरच्या नातलगाची, दुष्काळात सापडलेल्या गावाची आपण विचारपूस करतो. चौकशी कचेरीत होते. तपास पोलीस करतात. विचारपुशीत विचारणारा उत्तराला बांधलेला असतो. ऐकल्यावर काहीतरी करणे त्याला भाग असते. तपासात उत्तर देणारा बांधलेला असतो. आपल्या प्रशासनाने मात्र मुलाच्या घरी जाऊन येण्याला ‘गृहचौकशी’ म्हटले, आणि त्यावरून लिहिलेल्या कागदाला कोठे ‘सामाजिक तपास अहवाल’, कोठे ‘तपासणी’, कोठे ‘अन्वेषण’. दारात आलेली बाई विचारपूस करीत आहे असे समजून आई बोलत जाते. मुलाचा बाप दारू पितो, मोठा भाऊ घर सोडून गेला, मुलगा दोन वर्षे शाळेत गेला नाही, हे सर्व ती सांगते, कारण विचारपुशीत असे सांगावयाचे असते. कागदावर ते उतरते तपासाच्या भाषेत, आणि त्याचे मथळे होतात : ‘पित्याची व्यसनाधीनता’, ‘विस्कळित कुटुंब’, ‘शिक्षणाविषयी अनास्था’. आईने मदत मिळावी म्हणून जे सांगितले, तेच घर मुलाला सांभाळण्यास असमर्थ असल्याचा पुरावा म्हणून वाचले जाऊ शकते.

आता वाक्याकडे वळावयाचे. मराठीत क्रियापदांच्या काही जोड्या अशा आहेत की, एका स्वराच्या आणि एका व्यंजनाच्या फरकाने कर्ता येतो किंवा जातो. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे. उदाहरणादाखल एखादा मुलगा सांगतो असे समजावे : “आम्ही तितंच हुतो. ढकलाढकली झाली, कुलूप तुटलं. पोरं आत गेली, मंग मी बी गेलो.” या बोलण्याचा सर्वसाधारण अहवाली अनुवाद असा होईल : ‘मुलाने मित्रांच्या संगतीने कुलूप तोडून आत प्रवेश केल्याचे कबूल केले.’ लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याने संक्षेप केला, भाषा शुद्ध केली, इतकेच त्याला वाटते. परंतु ‘तुटलं’चे ‘तोडून’ झाले तेथे कर्ता नव्हता तेथे कर्ता आला. ‘मंग मी बी गेलो’ यातील मागाहून जाणे, पोरांच्या मागे जाणे, नाहीसे झाले. चौघांचा प्रवेश एकदम झाला. आणि ‘सांगितले’च्या जागी ‘कबूल केले’ आले. ‘सांगितले’ हे क्रियापद सांगितलेल्याच्या खरेपणाविषयी तटस्थ असते. ‘कबूल केले’ म्हणताच गोष्ट खरी होती आणि ती दोषास्पद होती, या दोन्ही गोष्टी लिहिणाराच आपल्या पदरच्या घालतो. ज्या कबुलीजबाबाला कायदा पोलीस ठाण्याच्या दारातच अडवितो, तो या मागच्या दाराने, व्याकरणाच्या साहाय्याने, आत येतो.

याचा अर्थ ‘तुटलं’ म्हणणारा नेहमी निर्दोष असतो असा नव्हे. अकर्मक क्रियापदाचा आडोसा सराईत मनुष्यही घेतो, मंत्रीही घेतात. ‘माझ्या हातून घडलं’ या प्रयोगात कधी खरी असहायता असते, कधी लज्जा, कधी निव्वळ चतुराई. यांपैकी काय आहे हे ठरविणे न्यायालयाचे काम. आणि ते ठरविता यावे म्हणून मूळ क्रियापद त्याच्यापर्यंत पोचविणे हे समाजकार्यकर्त्याचे काम. ते क्रियापदच वाटेत बदलले तर न्यायालयाला ठरविण्यास काही उरत नाही. पश्चात्तापाचीही तीच गोष्ट. अहवालात ‘पश्चात्ताप दिसून येतो’ किंवा ‘दिसून येत नाही’ असे वाक्य हमखास असते. ग्रामीण मराठी बोलणारा मुलगा हे नाम कधीही वापरणार नाही. तो म्हणतो, “चुकलं.” या एका शब्दात कर्ता नाही, कर्म नाही, विशेषण नाही, सर्व काही ते म्हणतानाच्या मानेत आणि डोळ्यांत आहे. ज्याने हे ‘चुकलं’ कधी गांभीर्याने ऐकलेले नाही, तो ‘पश्चात्तापाचा अभाव’ असे लिहून मोकळा होईल.

अहवाली गद्याचा सर्वांत लाडका प्रयोग म्हणजे ‘आढळून आले’. मुलगा वाईट संगतीत असल्याचे आढळून आले. कोणाला? कशावरून? शेजारणीने सांगितले, शिक्षकाने सांगितले, पोलिसांच्या कागदात होते, की अधिकाऱ्याने स्वतः पाहिले? बोली मराठीत ऐकीव माहितीवर खूण करण्याची उत्तम सोय आहे. ‘पोरगा रात्री उशिरा येतो म्हणे’ यातील ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा शब्द सांगणाऱ्याची जबाबदारी नेमकी सांगतो : हे माझे पाहिलेले नव्हे. प्रमाण लेखनात हा ‘म्हणे’ ग्राम्य ठरून बाहेर पडला आणि त्याच्या जागी ‘आढळून आले’ची प्रतिष्ठापना झाली. निरक्षर शेजारीण पुराव्याच्या बाबतीत जी सावधगिरी पाळते, ती पदव्युत्तर पदवीधराच्या अहवालात सापडू नये, ही विद्यापीठीय शिक्षणाची कमाई म्हणावी काय?

मुंबईसारख्या शहरात हा प्रवास आणखी लांबतो. मुलगा भोजपुरी वळणाची हिंदी बोलतो, प्रश्न मुंबईच्या हिंदीत विचारले जातात, टिपणे मराठीत होतात, आणि नमुना कधी मराठीत तर कधी इंग्रजीत भरला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९५५ सालच्या कैद्यांविषयीच्या किमान नियमांत, तुरुंगाधिकाऱ्यांना बहुसंख्य कैद्यांना समजणारी भाषा यावी आणि आवश्यक तेथे दुभाष्या असावा, असे सांगितलेले होते. दुभाष्याची गरज दोन भाषांमध्येच नसते, एकाच भाषेच्या दोन थरांमध्येही असते, ही गोष्ट त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिली. भाषाविभागांनी ती कक्षेत आणावयास हवी होती.

नमुन्याविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. बाल न्याय अधिनियमाच्या ३ ऱ्या कलमातील मूलतत्त्वांत निर्दोषत्वाचे गृहीतक आहे. शिवाय मुलासंबंधीच्या कार्यवाहीत आरोपदर्शक शब्द वापरू नयेत असेही एक स्वतंत्र तत्त्व आहे. शब्दार्थविचाराला कायद्याने इतक्या उघडपणे स्थान द्यावे, हे अपूर्वच होय. त्याच कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांतील अहवालाचा नमुना मात्र कथित अपराधाचे कारण विचारतो आणि पर्याय सुचवितो : पालकांचे दुर्लक्ष, अतिलाड, पालकांचे गुन्हेगारी वर्तन, मित्रांचा प्रभाव, अमली पदार्थ. ‘कथित’ हे विशेषण अपराध झाला की नाही हे मोकळे ठेवते. ‘कारण’ हे नाम तो झाला असे धरून चालते. घडलेल्याच गोष्टीला कारण असते. विद्यार्थ्याने हा रकाना भरला की निर्दोषत्वाचे गृहीतक त्याच्या हातूनच मोडते, आणि त्याला ते कळतही नाही.

मुलासाठी योजिलेले नावही पाहण्यासारखे आहे. जुना ‘बालगुन्हेगार’ गेला आणि ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला. ‘ग्रस्त’ हा प्रत्ययवत् शब्द मराठीत पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, रोगग्रस्त यांत येतो. म्हणजे कायद्याशी आलेला संघर्ष ही मुलावर कोसळलेली आपत्ती ठरली. ही करुणा अनुवादकाने कळत-नकळत घातली, आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु पोलिसांच्या व वृत्तपत्रांच्या तोंडी तो शब्द झिजून ‘विधिसंघर्षित’ झाला; ‘ग्रस्त’ गळाले, आणि आता तो जुन्या शब्दाच्याच सुरात उच्चारला जातो. नाव बदलून वृत्ती बदलत नाही. पण नावाची झीज कोठे होते हे पाहणाऱ्याला वृत्ती कोठे टिकून आहे ते कळते.

महाराष्ट्रात या सर्वांहून जड असा एक रकाना आहे, तो जातीचा. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंट उठली, हजेरी बंद झाली, आणि लोक ‘विमुक्त’ म्हणवले जाऊ लागले. मात्र काही समाजांची नावे इतरांनीच ठेवलेली, आणि नावातच आरोप कोरलेला. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिले, ते याच कारणाने अर्थपूर्ण ठरले. जातीच्या रकान्यात असा शब्द लिहिला गेला की, पुढचे सर्व रकाने त्याच्या छायेत भरले जातात. ‘कारण’ या मथळ्याखाली ‘पारंपरिक व्यवसायाचा प्रभाव’ असे लिहावयास मग फार विचार करावा लागत नाही. विमुक्तांचा इतिहास या शिक्षणक्रमांत शिकविला जातोच. परंतु तो दुर्बल घटकांच्या प्रश्नपत्रिकेत असतो, अहवाल-लेखनाच्या तासाला नसतो. वास्तविक त्याची खरी जागा तेथेच आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुख्य प्रश्न मनुष्यबळाचा आहे. एका अधिकाऱ्याकडे कामाचा डोंगर असताना त्याने क्रियापदे जपत बसावे काय? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु ‘तोडले’ लिहिण्यास ‘तुटले’पेक्षा कमी वेळ लागत नाही, आणि ‘शेजारणीने सांगितले’ हे ‘आढळून आले’पेक्षा फारसे लांब नाही. दुसरा आक्षेप असा की, न्यायालयाला संभाषणे नकोत, निष्कर्ष हवेत. निष्कर्ष असावेतच, ते निष्कर्ष म्हणून, लिहिणाऱ्याच्या नावावर असावेत. दुसऱ्याच्या तोंडी घातलेला निष्कर्ष हा निष्कर्ष नव्हे.

शिक्षणक्रमात काय घालावे हे यावरून उघड होते, व त्यासाठी नव्या विषयाची आवश्यकता नाही. क्षेत्रकार्याच्या नोंदवहीचे पान उभे दुभागावे. डाव्या बाजूस मनुष्याचे शब्द जसेच्या तसे, ‘मंग’ आणि ‘बी’सह, आणि उजव्या बाजूस अहवालाचे वाक्य. पर्यवेक्षकाने दोन्ही बाजूंची क्रियापदे तेवढी अधोरेखित करून द्यावीत. प्रत्येक ‘आढळून आले’पुढे ‘कोणास?’ असे लिहावे. जेथे विद्यापीठात भाषाविज्ञानाचा विभाग आहे तेथे त्याने या वहीचे काही तास आपल्याकडे घ्यावेत. बोलीभाषांचे नमुने गोळा करण्यात त्या विभागांनी आजवर बरीच शक्ती वेचलेली आहे. त्या बोली बोलणारे मनुष्य न्यायालयात काय बोलतात याची नोंद मात्र त्यांच्या संग्रहांत क्वचितच मिळेल.

आणि एक तरतूद कायद्यातच पडून आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय असतो. तथापि १९५८ च्या अधिनियमाचे ७ वे कलम न्यायालयाला अशी मुभा देते की, योग्य वाटल्यास अहवालाचा मथितार्थ अपराध्याला सांगावा आणि त्यातील मजकुराविषयी त्याला पुरावा देण्याची संधी द्यावी. हा मथितार्थ त्याला कोणत्या भाषेत सांगावयाचा, आणि त्यात आपलेच बोलणे त्याला ओळखू यावे की नाही, यावर कलम गप्प आहे. प्रशिक्षणार्थ्याने अहवाल पाठविण्यापूर्वी त्यातील, निदान त्या मनुष्याच्या तोंडी घातलेली, वाक्ये त्याला वाचून दाखविण्यास कोणताही कायदा आड येत नाही. ‘मी असं म्हनलोच न्हाई’ असे तो म्हणाला, तर तेही अहवालात लिहावे.